मोकळ्या सोळा मात्रा

॥ श्री ॥
मिरज, १२ जानेवारी २०२५

चि. वृंदा हिस बाबांचे अ. उ. आ., वि. वि.

इकडे क्षेम. तुझ्या आईनं हट्टानं आणवलेलं कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये सुखात आहे. त्यात माणसं कमी आणि खरखर जास्त ऐकू येते, तेव्हा फोनचा नाद सोड आणि पत्रच लिहीत जा. तबला शिकवणाऱ्याचे कान जावेत याची थट्टा शेजारचे राजन पुरेशी करतात.

दोन वर्षांपूर्वी सारंगच्या खोलीवरून आलेलं खोकं परवा उघडलं. आई मावशीकडे गेली होती, तिच्यासमोर धीर झाला नसता. त्यात एकाच इंग्रजी बँडची सात तिकिटं निघाली, सगळी हॉलंडमधल्या आर्नहेम गावची. पुण्याच्या कार्यक्रमात मी त्याला भर मंचावर थांबवून दुसऱ्याला तबल्यावर बसवलं, हे तुला ठाऊक आहे. पुढे तो नोकरीसाठी तिकडे गेला, आणि त्यानं संगीत सोडलं असंच मी धरून चाललो. बर्फावर सायकल घसरून तो गेल्याचं कळलं, तेव्हाही मला आधी तो मंचच आठवला. माझ्यामुळे तुझ्या भावाचं संगीत सुटलं का, एवढंच मला कळायला हवं आहे. त्या बँडवाल्यांना शोध. जे असेल ते लिही, माझ्या काळजीपोटी मऊ करू नकोस.

सायकल जपून चालव. आमची आठवण ठेवतेसच, ती पत्रातूनही दिसू दे.

तुझे,
बाबा


डेल्फ्ट, ९ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

मी बरी आहे. खोकल्यावर इथल्या डॉक्टरांनी पॅरासिटामॉल आणि आराम सांगितला. आईला कळवू नका, ती काढा पार्सल करेल.

बँड सापडला. मिल लेन रॅम्बलर्स नावाची इंग्लंडची चार माणसं आहेत, पण वाजवतात अमेरिकेतल्या डोंगराळ खेड्यांची शंभर वर्षांपूर्वीची गाणी. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, शिवाय बँजो, गिटार आणि एक माणसाएवढा बास. चौघं एकाच मायक्रोफोनभोवती दाटीवाटीनं उभी राहतात. फिडल वाजवणाऱ्या हेलनबाईंना मी सारंगचा फोटो पाठवला. त्यांनी लगेच ओळखला. मागच्या भिंतीजवळ उभा राहायचा, कधी बोलला मात्र नाही, असं त्यांनी कळवलं.

आर्नहेमच्या एका कार्यक्रमाचं त्यांनी रेकॉर्डिंग केलं होतं. नाचाची एक गत वाजवताना बँजोची तार तुटली आणि सगळे थांबले. त्या शांततेत मागून कुणीतरी सोळा मात्रा टाळ्यांनी भरून काढल्या, मग फिडल पुन्हा सुरू झालं. मायक्रोफोन एकच, त्यामुळे टाळ्या काढून टाकता येईनात. पुढे त्यांना त्या इतक्या आवडल्या, की ती गत वाजवताना आता ते मुद्दाम सोळा मात्रा मोकळ्या सोडतात.

मी ते ऐकलं. इथले लोक प्रत्येक ठोक्याला टाळी देतात, पण हा माणूस तार तुटण्याआधी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवतानाही नवव्या मात्रेला, तीनतालाची खाली दाखवावी तसा, हात नुसता सोडतो. तुम्हाला ऐकू येणार नाही म्हणून मोकळ्या जागेतल्या टाळ्या कागदावर मात्रांसकट लिहून पाठवत आहे. चुकले असेन तर रागवा, पण प्रेमानं.

आपली,
वृंदा


मिरज, २ मार्च २०२५

चि. वृंदा हिस अ. उ. आ., वि. वि.

कागद मिळाला. नवव्या मात्रेची खाली सोडणारा आणि शेवटी एकच तुकडा तीनदा वाजवून तिहाई घेणारा तो सारंगच. त्याचं संगीत सुटलं नव्हतं. दोन दिवस मी कागद खिशात घेऊन फिरलो.

त्यांचा पुढचा कार्यक्रम असेल तिथे तू जा. ती मोकळी जागा कशी असते ते मला कळव. ऐकशील ते तसंच लिही, सुधारू नकोस. आईचा आशीर्वाद आहे आणि तिळाच्या वड्या वेगळ्या येत आहेत, दोन्ही जपून वापर.

तुझे,
बाबा


डेल्फ्ट, ३० मार्च २०२५

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

आर्नहेमहून आत्ताच परत आले. कोटही न काढता लिहायला बसले आहे, अक्षर सांभाळून घ्या.

दुपारी तीनचा कार्यक्रम होता, एका जुन्या चर्चमध्ये. लोक कॉफी आणि सफरचंदाचा केक खात बसले होते. ती गत आली आणि चौघं थांबली. हेलनबाई पायानं मात्रा मोजत होत्या. कुणी कपसुद्धा वाजवला नाही. मग मागून टाळ्या आल्या. मी वळून पाहिलं तर मागच्या भिंतीजवळ कुणीच नव्हतं. शेवटची टाळी आणि फिडलवर पडलेला गज दोन्ही एकदमच ऐकू आले.

शेजारच्या बाईंना विचारलं, तर त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. हेलनबाईंना विचारायचा मला धीर झाला नाही. मी तिकिटाच्या मागे लगेच मात्रा लिहून काढल्या, ते तिकीट सोबत आहे. रेकॉर्डिंग शंभर वेळा ऐकून टाळ्या माझ्याच कानात बसल्या असतील. तसंच आहे असं लिहा ना बाबा. मला भीती वाटते आहे.

आपली,
वृंदा


मिरज, १६ एप्रिल २०२५

चि. वृंदा हिस बाबांचे आणि आईचे अ. उ. आ., वि. वि.

तसं आहे असं मला लिहिता येत नाही. तुझा कागद आणि तिकीट शेजारी ठेवून पाहिले. कागदात तिहाई एक मात्रा आधीच संपते, जिथे फिडल सुरू होतं ती सम यायच्या आत. सारंगची ती लहानपणापासूनची खोड, त्याला समेची घाई. त्याच खोडीसाठी मी त्याला पाचशे माणसांत उठवलं. तिकिटावर मात्र शेवटची टाळी बरोबर समेवर पडली आहे. रेकॉर्डिंगमधून ती तुझ्या कानात येणं शक्य नाही.

वृंदा, तो अजून चूक सुधारतो आहे. पोर गेलं तरी माझ्या धाकातून सुटलं नाही. संगीत सुटलं नाही म्हणून मी महिनाभर आनंदात होतो, त्याची आता लाज वाटते. आईला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली की मग मला काय सांगता, त्याला सांगा.

मला एवढा प्रवास झेपणार नाही, म्हणून तू जा. भिऊ नकोस, तुझा भाऊच आहे. मागच्या भिंतीजवळ उभी राहा आणि मोकळ्या मात्रा सुरू झाल्या की मोठ्यानं मराठीत सांग. लोक बघतील तर बघू देत. म्हणावं, बाबा चुकले, आता रियाज पुरे, समेच्या आधी येत होतास तसाच येत जा. त्यानंतर टाळी ऐकू आली नाही, तर तेही लिही. मी सोसेन.

तुझ्यावर आहे तेवढाच जीव त्याच्यावरही होता, हे तू तरी खरं मान.

तुझे,
बाबा