काळीची सासरी पाठवणी

शारदे,

आपली काळी कुत्री अन् तिचे पिल्लं घेऊन मी शेजारच्या भगवंतरावकडे चाललो. काळी माजावर होती तवा मी तिले गोठ्यात बांधलं, "तुमच्या खंड्या कुत्र्याले आवरा" म्हणून भगवंतरावले हात जोडले. त्यानं मुद्दाम सोडला! आता पिल्लाइले गोटे मारते. बाळंतीण माहेरी किती दिवस ठेवायची? वाजंत्री लावून लेकरासगट सासरी पोचवतो.

खंड्याले जनावराच्या डाक्टरकडून खच्ची केल्याबिगर मी पिल्लं परत आणत नाही. बापानं नाकारलेले पिल्लं रडले का त्या घरची विहीर आटते, अशी थाप काल पारावर सोडून आलो. भगवंतरावची बायको सकाळपासून विहिरीत डोकावून राह्यली.

तुझा मामंजी,
इंद्रभान