फियाट रविवारी घरी का नव्हती

आनंद नगर, भोपाळ
सोमवार, १९ फेब्रुवारी १९९६

तीर्थस्वरूप अच्युत भावोजींना नलिनीचा नमस्कार. जाऊबाईंना वेगळा नमस्कार, कारण तुमच्या पत्रातला त्यांच्यापर्यंत पोचत नाही असे त्याच मागे म्हणाल्या होत्या. तुमचा गुडघा पुण्याच्या थंडीत कसा आहे? लेप लावत असाल तर गरम करून लावा. मी बरी आहे. जेवते, झोपते, वाचनालयाची पुस्तके वेळेवर परत करते.

आज सकाळी समोरच्या सरोजकडे तुमचा फोन आला, त्याचा निरोप पोचला. (तुमचा शब्दन् शब्द तिने सांगितला, शिवाय स्वतःचे दोन घातले असावेत.) तुम्ही पाठवलेले इंदूरचे गृहस्थ काल अकरा वाजता फियाट बघायला आले आणि दाराला कुलूप पाहून, दीड तास पायरीवर बसून परत गेले. गाडी नुसती उभी राहून खराब होते, एकट्या बाईला ती कशाला, म्हणून विकायची, हे दिवाळीत ठरले तेव्हा मीच मान हलवली होती. तेव्हा काल मी कुठे होते याचा खुलासा करणे भाग आहे.

इथे कारखान्यातल्या निवृत्त इंजिनिअरांचा मोटार क्लब आहे. ह्यांचे नाव त्यात अजून आहे, गाडी नंबर सात. दर फेब्रुवारीत सगळ्या गाड्या एकामागे एक रायसेन रोडने एका तलावापर्यंत जातात, पोहे खातात आणि परत येतात. ह्यांना जाऊन चौदा महिने झाले, म्हणून मी तो विषय संपला असे धरले होते. पण क्लबचे अध्यक्ष नीळकंठराव (ड्रॉइंग ऑफिसात एकतीस वर्षे) स्वतः घरी आले आणि म्हणाले, "वहिनी, सात नंबर रिकामा राहिला तर सहा आणि आठमध्ये अंतर पडतं." चौदा महिन्यांत पुष्कळ लोक सांत्वनाला आले, भावोजी. इतके चांगले कुणाला बोलता आले नाही.

लायसन्स माझ्याकडे आठ वर्षांपासून आहे. ह्यांनीच हट्टाने काढायला लावले आणि मग स्टिअरिंग कधी सोडले नाही. ते गेल्यावर गाडीचे माहितीपुस्तक मी तीनदा वाचले. क्लचचे प्रकरण मला पाठ आहे, फक्त पायाला अजून नाही. टाउनशिपमध्ये महिनाभर सकाळी सराव केला. सरोज शेजारी बसायला तयार झाली, ती हातात देवाचा फोटो घेऊनच. "ताई, मला काही भीती नाही," म्हणाली, "भीती समोरून येणाऱ्यांना वाटायला पाहिजे."

या माणसांची शिस्त मी जवळून पहिल्यांदाच पाहिली. निघण्याआधी प्रत्येक गाडीचे ब्रेक, हवा, पाणी तपासून आरशाला सहीची चिठ्ठी बांधतात, कारखान्यातून मशीन बाहेर पाठवताना बांधतात तशी. साडेसहाला निघायचे होते, पण अध्यक्षांच्याच गाडीवर सही राहिली होती, आणि स्वतःच्या गाडीवर स्वतः सही करणे नियमात नाही. सात वाजून चार मिनिटांनी निघालो. चाळीसचा वेग, दोन गाड्यांत सारखे अंतर. दोन्ही बाजूंना गहू आणि हरभरा. अकरा गाड्या ओळीने येताना पाहून एका नाक्यावर हवालदाराने सलाम केला. सरोजने तो स्वीकारला.

मग बावीस किलोमीटरवर, हातपंपाशी रस्ता फुटतो, तिथे हे झाले. पहिल्या तीन गाड्या उजवीकडे गेल्या, पुढच्या तीन डावीकडे, आणि फाट्यावर आले मी. मी थांबले, म्हणून मागच्याही थांबल्या. नीळकंठरावांनी रस्त्याचा नकाशा रीतसर काढून सर्वांना वाटला होता. नंतर त्यात दुरुस्ती केली आणि सुधारित नकाशा वाटला, पण जुने नकाशे परत घ्यायचे राहून गेले. निम्म्यांकडे जुना, निम्म्यांकडे नवा. दोन्हीकडचे लोक चालत परत आले आणि दोन्ही नकाशे माझ्या बॉनेटवर पसरले. जुना परत घेतल्याची नोंद नाही तोवर तोही चालूच, असा एक पक्ष. नवा निघाला की जुना आपोआप रद्द, असा दुसरा. हातपंपावर एक म्हातारबाबा अंघोळ करत होते. त्यांना विचारा, असे सरोज म्हणाली, तर सगळ्यांनी तिच्याकडे असे पाहिले, की तिने देवाचा फोटो पर्समध्ये ठेवला.

पाऊण तासाने ठरले की मूळ नकाशा आणायचा. तो नीळकंठरावांच्या घरी, कपाटात. अकरा नंबरची गाडी परत पाठवली. ती येईपर्यंत कुणी भांडले नाही, कुणी घरी गेले नाही. सतरंज्या अंथरल्या, पोहे तिथेच खाल्ले. मी गाडीत बसून ओला हरभरा सोलला. अशी माणसे ज्या कारखान्यात होती तिथली यंत्रे वर्षानुवर्षे का चालतात ते मला कळले.

पावणेअकराला मूळ नकाशा आला. तो ह्यांच्या हातचा निघाला, चार वर्षांपूर्वीचा. त्यात दोन्ही रस्ते होते, दोन्ही तलावाशी मिळत होते, आणि कोपऱ्यात ह्यांच्या बारीक अक्षरात लिहिले होते: 'कोणत्याही बाजूने जावे.' मग नीळकंठराव म्हणाले, "शांतारामने पास केलंय. चला."

तलाव पाहून घरी यायला दोन वाजले. गाडी एकदाही बंद पडली नाही. खुलासा एवढाच. त्या गृहस्थांना पुन्हा पाठवायचे तर आधी कळवा.

आपली,
नलिनी

ता. क. दिवाळीत तुम्ही विक्रीसाठी नेलेले गाडीचे कागद रजिस्टर पोस्टाने परत पाठवावेत. त्या गृहस्थांना मात्र पाठवू नये.

ता. क. दुसरा. हे तो रस्ता मोजायला गेले तेव्हा शेजारी बसून किलोमीटर मीच लिहून घेतले होते. दोन्ही रस्ते मिळतात हे मला पहिल्या मिनिटापासून माहीत होते. तेव्हाच बोलले असते तर अकराच्या आत घरी आले असते. त्या गृहस्थांची माफी तुम्हीच मागा. मी मागितली तर ती खोटी होईल.