आजीच्या हॉलमधला समुद्र

मुलुंड पूर्व,
४ नोव्हेंबर २०२५

चि. अक्षतास आजीचे आशीर्वाद. तुला ते हवेत की नकोत, हे न विचारताच पाठवते आहे.

वि. वि. तुझा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून पुस्तकामागे छापलेल्या प्रकाशकाच्या पत्त्यावर लिहिते आहे. तेवीस वर्षांत पहिलं पत्र, आणि तेही भांडायला.

समोरच्या प्रियंकाची सहा वर्षांची ऋतिका परवा तुझं ‘आजीच्या घरात समुद्र’ घेऊन माझ्या दारात उभी राहिली. चित्रावरून तिने मला ओळखलं. ओळखेल नाही तर काय! ‘धा. रा. परब’ ही पितळी पाटी, सेफ्टी डोअरच्या जाळीतला मोर, माझ्या हनुवटीवरचा तीळसुद्धा तू सोडला नाहीस. आणि दार उघडलं की आत काय, तर समुद्र! हॉलमध्ये आगबोट, स्वयंपाकघरात सिंह, आणि आजी-नात देवमाशावर बसून निघाल्या भटकायला. ऋतिकाने आत येऊन दिवाणाखाली वाकून पाहिलं, मोरी पाहिली, आणि मी समुद्र लपवून ठेवला म्हणून भोकाड पसरलं. आता बिल्डिंगमधली सगळी पोरं बेल वाजवतात. ब्याऐंशी वर्षांच्या बाईने उठायचं तरी किती वेळा?

त्यात प्रियंकाने सोसायटीत जाहीर करून टाकलं की चौदा डिसेंबरला मुलांसमोर माझा सत्कार करायचा, गोष्टीतली आजी म्हणून. शाल, श्रीफळ आणि शेजारी नात हवीच. नाही म्हणावं तर कारण काय सांगू? म्हणून तू ये, अर्धा तास माझ्याशेजारी बस आणि जा. आणि एवढं मात्र सांग, माझ्या घराचं असं काहीबाही करण्याआधी मला विचारावंसं नाही का वाटलं? हॉल जसा आहे तसा काढायचास, कोणी काही म्हटलं नसतं.

पुस्तकावर ‘अक्षता आयडा परब’ असं नाव वाचलं. बापाचं नाव गाळलंस, ते बरं केलं नाहीस.

लोभ ठेव असं लिहायची माझी पत नाही, पण शेवटी दुसरं काय लिहितात ते मला ठाऊक नाही.

तुझी आजी,
रत्नप्रभा


मनोरी,
१५ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस उभ्याउभ्याच नमस्कार. साष्टांग घालायला घरातली जमीन लागते, माझ्या वाट्याला तुमच्या जिन्यातली आली.

वि. वि. तुमचं पत्र प्रकाशकाकडून फिरत फिरत, मार्व्याच्या फेरीबोटीतून एकदाचं इथे पोचलं. आईला वाचून दाखवलं. ती वालाचे दाणे सोलत होती. म्हातारी झाल्यात, जाऊ दे, एवढंच म्हणाली. तिचं हे जाऊ दे मला कधीच जमलं नाही.

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. हॉल जसा आहे तसा काढ म्हणता? कसा आहे हो तुमचा हॉल? मी चार वर्षांची असल्यापासून अकरा वर्षांची होईपर्यंत बाबा मला दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तुमच्याकडे आणायचे. ते आत जायचे आणि मी बाहेर, चपलांच्या स्टँडवर. कारण माझी आई किरिस्तांव, आणि आजोबांचा हुकूम होता की तिचं पोर उंबऱ्याच्या आत नको. बाबांना वाटायचं, एक ना एक दिवस आतून हाक येईल की पोरीला आत घे. हाक यायच्या आधी बाबाच गेले. तुम्ही जाळीतून बेसनाचा लाडू द्यायचात. अख्खा लाडू जाळीतून जायचा नाही, म्हणून चेपून द्यायचात. लाडू चेपलात, पण कडी काढली नाहीत.

मग आत काय असेल? मी नुसती ऐकायचे. कुकरची शिट्टी झाली की आगबोट लागली. मिक्सर सुरू झाला की सिंह. आणि पाणी! बाबा आत असेपर्यंत पाण्याचा आवाज थांबायचाच नाही. मनोरीच्या पोरीला एवढं पाणी म्हणजे समुद्रच. शाळेत मैत्रिणींना सांगायचे, माझ्या आजीच्या घरात समुद्र आहे, दार उघडलं तर सगळा बाहेर येईल, म्हणून ती बिचारी दार उघडत नाही. तुमची अब्रू मी वयाच्या सातव्या वर्षापासून झाकते आहे.

सूड म्हणाल तर सूडच आहे हा. मी तुम्हाला चेटकीण काढू शकले असते. पण चेटकिणीकडे कोणी काही मागत नाही. म्हणून मी तुम्हाला प्रेमळ काढलं, पाटीसकट, तिळासकट. म्हणजे जे मला मिळालं नाही ते मागायला बिल्डिंगमधलं एकूण एक पोर तुमच्या दारात येईल. बेल वाजतेय ना? वाजू द्या.

सत्काराला मी येणार नाही. आणि बाबांचं नाव गाळलेलं नाही, परब आहे ते त्यांचंच. तुमचं म्हणून लावत नाही.

लोभ मुळातच नव्हता, तेव्हा तो वाढावा असं लिहीत नाही.

अक्षता


मुलुंड पूर्व,
२२ नोव्हेंबर २०२५

चि. अक्षतास आशीर्वाद. परत केलेस तरी पुन्हा पाठवीन.

वि. वि. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. तो परबांचा पीळ तुझ्यात पुरेपूर उतरलाय. तुझं पत्र वाचून संताप आला, दोन दिवस जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा काढून वाचलं.

हुकूम तुझ्या आजोबांचा होता, माझं कोण ऐकत होतं? गिरणी बंद पडल्यावर हुकूम सोडायला त्यांना घरच तेवढं उरलं होतं. ते जाऊनही आठ वर्षं झाली, हे तू म्हणायच्या आत मीच म्हणते.

पण पाण्याचं तुला माहीत असायला हवं. माझा प्रीतम, तुझा बाबा, आत आला की तुझे आजोबा तुझ्या आईबद्दल जे बोलायचे ते मी ह्या कागदावर लिहिणार नाही. दाराबाहेर तू बसलेली. तुझ्या कानावर ते पडू नये म्हणून मी मोरीतला नळ पूर्ण सोडायची. खाली बादली उपडी घालायची, म्हणजे आवाज मोठा व्हावा. पाणी नासते म्हणून शिव्या खाल्ल्या, तरी बंद केला नाही. माझ्याच्याने तेवढंच झालं. तो तुझा समुद्र.

प्रियंकाला मी अजून काही सांगितलेलं नाही. सत्कार गेला खड्ड्यात, पण तू एकदा ये. मला तुला बघायचं आहे.

आजीवर राग असू दे, पण पत्र लिहीत जा.

रत्नप्रभा


मनोरी,
२९ नोव्हेंबर २०२५

ती. आजीस नमस्कार. या खेपेला बसून करते आहे.

वि. वि. तुमचं पत्र तीनदा वाचलं. आई रडली. मीही रडले, पण ते तुमच्यासाठी नव्हतं, त्या पोरीसाठी होतं.

आजी, ज्या हाताने नळ सोडलात त्याच हाताने कडीही निघाली असती. आणि ही आठ वर्षं कोणाचा हुकूम होता? वरातीमागून घोडं आणलंत, तेही शाल-श्रीफळाची पंचाईत झाली तेव्हा.

तरी येईन. पण माझी अट ऐका. मी आईला घेऊन येणार. आम्ही दोघी आत जाणार, सेफ्टी डोअर आतून लावून घेणार, आणि तुम्ही बाहेर चपलांच्या स्टँडवर बसायचं. सगळ्या पोरांसमोर, पुरता अर्धा तास. इथे का बसलात असं कोणी विचारलं तर खरं ते सांगायचं. गुडघ्याला वारा लागावा म्हणून बसले, असलं काही चालणार नाही. आई माझ्यावर ओरडली, म्हाताऱ्या माणसाला असं करू नये म्हणाली. मी तिला विचारलं, चार वर्षांच्या पोरीला केलेलं चालतं का?

मंजूर असेल तर कळवा. नसेल तर बसा पोरांना समुद्र दाखवत.

उत्तराची वाट पाहणारी,
अक्षता


मुलुंड पूर्व,
६ डिसेंबर २०२५

चि. आयडा आणि चि. अक्षता, दोघींना आशीर्वाद. पहिलं नाव लिहायला मला पस्तीस वर्षं लागली.

वि. वि. अट मंजूर आहे. तू फार कडू आहेस गं, पण खोटी नाहीस. प्रियंकाला मी सगळं सांगून टाकलं. ती चहा न पिताच उठून गेली. शाल-श्रीफळ रद्द झालं. पोरं मात्र यायची ती येणारच, त्यांना काय सांगायचं ते मी सांगेन.

आपल्याला हे झेपेल का, म्हणून काल दुपारी करून पाहिलं. किल्ली कमरेला खोचली, दार ओढून घेतलं आणि स्टँडवर बसले. फार बुटका आहे तो, गुडघे हनुवटीला लागतात. ऋतिका जिन्यात खेळत होती. समुद्र आला का म्हणून तिने विचारलं. मी म्हटलं, थांब, ऐकून सांगते. अर्धा तास दाराला कान लावून बसले. आतून काहीच ऐकू आलं नाही.

तेव्हा चौदा तारखेला सकाळी दहाला या. कडी काढलेली असेल, मी बाहेरच भेटेन. आत जा, दार लावून घ्या. अर्धा तास झाला की ते पुन्हा उघडायचं की नाही, हे मात्र तू ठरवू नकोस. ते आयडाला ठरवू दे.

दोघींचा लोभ मागत नाही. बसायला येते.

रत्नप्रभा