आईचा टोपीवाला

आई, तुझ्या त्या टोपीवाल्याबद्दल आज लिहायला बसलोय. कुर्डुवाडीचा एक गोरा रेल्वे गार्ड वाचून झालेली इंग्रजी मासिकं आमच्या स्टेशनच्या पार्सल ऑफिसात टाकून जायचा. त्यातल्या खुनाच्या गोष्टी मी तुला सांगायचो, तू भाकरी थापत असताना. अमेरिकेतलं कुठलंसं शहर, फौजदार विकला गेलेला, आणि हा एकटा माणूस डोळ्यांवर टोपी ओढून दारोदार विचारत हिंडतो. मार खातो, पुन्हा विचारतो. ऑफिसातले शिकलेले लोक नाक मुरडायचे. दारू आणि पिस्तुलं, त्यात वाचायचं काय? तुला मात्र चटक लागलेली. "त्याला बायकूपोरं न्हाईत व्हय?" तू विचारतेस. नाहीत म्हटल्यावर म्हणतेस, "तवाच की! न्हाईतर कोन एवढं इचारतंय?"

तू त्यात काय ऐकत होतीस ते मला कळत होतं. वडील गिरणीच्या हौदात मेलेले सापडले, तेव्हा पाय घसरला असं लिहून पोलिसांनी प्रकरण मिटवलं. आदल्याच दिवशी मुकादमाशी त्यांची बाचाबाची झाली होती, सगळ्या खात्याने पाहिली होती. पण आपल्या दारात कोणी साधं विचारायलासुद्धा आलं नाही. त्याची मला अजून चीड येते.

एका गोष्टीत खुनी मोकाट सुटतो. मला ते तुझ्यासमोर सांगवेना, म्हणून मी त्याला सरळ फासावर चढवला. तुझे हात थांबले. "खोटं सांगू नगंस. असं कुटं हुतंय व्हय?" मग सांगून टाकलं, सुटला म्हणून. टोपीवाला मेलेल्याच्या बायकोकडे गेला, टोपी काढून उंबऱ्याशी उभा राहिला आणि कुणी मारलं ते तिला नाव घेऊन सांगितलं. तव्यावरची भाकरी करपली तरी तुझं लक्ष नाही. "घरी यून सांगितलं की त्यानं," तू म्हणालीस, "लई झालं." त्यानंतर तू मुकादमाचं नाव कधी काढलं नाहीस. ते चांगलं झालं की वाईट, हे माझं अजून ठरत नाही.

तू जाऊन पुष्कळ वर्षं झाली. काल ते मासिक पुन्हा वाचलं. त्यात तो त्या बाईकडे जातच नाही. थेट स्टेशनवर जातो आणि गाडीत बसतो. तेही मीच रचलं होतं, आई. तू असतीस तर आजही सांगितलं नसतं.