पहिला नंबर

शहादा, मंगळवार

प्रिय हेमराजदादा,

फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून कागद घेतलाय. खुब्याच्या ऑपरेशननंतर आईला माझ्याकडेच आणलंय. त्या दिवशी तू सुरतेहून दवाखान्यात आलास तेव्हा ती गुंगीत होती. अर्धा तास बसलास, डॉक्टरांशी इंग्रजीत बोललास आणि निघालास. जाताना मला म्हणालास, अलार्मचं दुकान चालवतेस आणि आपल्याच घरचा अलार्म कुणाला कळला नाही. त्या बोलण्यानं अजून अंगाची आग होते.

दादा, आठव जरा. दिवाळीत प्रकाशा गावच्या आपल्या मळ्यातल्या घरात मी ती यंत्रणा बसवली. दारांना सेन्सर, गच्चीवर भोंगा, आईच्या गळ्यात बटण. एकेक वस्तू रिसीव्हरला जोडून तपासली. आई शेजारच्या तुळशीबाईला बोलावून लेकीचं काम दाखवत होती. अडलं ते फोन नंबरांपाशी. मी म्हणत होते, पहिला नंबर बाज्याचा घालू, आपला सालदार, मागच्याच खोलीत राहतो. तू म्हणालास, सालदाराचा नंबर कशाला? आईनंही तुझीच री ओढली, "पहिला नंबर हेमराजनाच ठेव. मोठा शे तो." भोंगासुद्धा तूच बंद ठेवायला लावलास, उगाच गाव गोळा होईल म्हणून. मी ऐकलं. ती चूक माझी, ती तुझ्या माथी मारत नाही.

पण तुला तेव्हाच समजावून सांगितलं होतं. बटण दाबलं की यंत्र आधी पहिल्या नंबरला फोन लावतं. तिथं कुणी उचलला नाही तरच दुसऱ्याला, म्हणजे मला. उचलला, की निरोप पोचला असं धरून गप्प बसतं.

खुबा मोडायच्या आधी दोनदा आईनं बटण उगाच दाबलं होतं, तू उलट फोन करशील आणि तुझा आवाज ऐकू येईल म्हणून. हे तिनं मला लाजत सांगितलं. तू तिला फार बोललास म्हणे. तिसऱ्यांदा ती खरंच न्हाणीत पडली होती, भर दुपारी. पाच वाजता बाज्या मोटर चालू करू का विचारायला आला, तेव्हा ती ओल्या फरशीवर कण्हत होती. त्यानंच तिला उचललं, मला कळवलं.

मागच्या आठवड्यात मळ्यात जाऊन रिसीव्हरमधली त्या दिवसाची नोंद पाहिली. दुपारी एक चाळीस, पहिला नंबर, फोन उचलला, चार सेकंद. 'आईला मदत हवी आहे' हा माझ्या आवाजातला निरोप पुरा व्हायला सहा लागतात.

नंबर मी बदललेत. पहिला बाज्या, मग तुळशीबाई, मग मी. भोंगा चालू केलाय. तुझा नंबर आता त्यात नाही.

पत्र मात्र त्यासाठी नाही. आई रोज विचारायची, हेमराजला फोन गेला होता का? शेवटी मी सांगितलं, माझीच जोडणी चुकली, फोन गेलाच नाही. तिचा जीव भांड्यात पडला. आता भेटायला येईल त्याला ती माझ्याकडे बोट दाखवून सांगते, "इन्हं यंत्रच खोटं शे. मन्हा पोऱ्या तसा नही." मी चहा देत राहते. आखाजीच्या सणाला तू येशील तेव्हा ती तुलाही विचारेल. फोन आला नव्हता म्हणून सांग, वाटलं तर तिच्यासमोर मला चार शिव्या घाल. पण मन हलकं करायला म्हणून तिच्यापाशी खरं बोललास, तर मी तुला कधी माफ करणार नाही.

नाइलाजानं का होईना, तुझीच
जागृती