परागनं पाठवलेली फाइल

९ फेब्रुवारी, सोमवार
मशीन पुन्हा अडली! रंग बदलताना सुई जागीच थांबते. परागनं, ज्याच्याकडून ही भरतकामाची मशीन घेतली, व्हॉट्सअपवर फाइल पाठवली. "दीदी, कंप्यूटर में चला दो, ठीक हो जाएगी." मी चालवणारच होती. चेतनानं हात धरला. "मम्मी, रुको! पीछे ईएक्सई लिखा है." मी म्हटलं, असू दे ना! "अरे, ये फोटो नहीं है, प्रोग्राम है. तुम्हारे सारे डिज़ाइन उड़ा दिए तो?"

माझी पोट्टी बोलते हिंदीत, पण बोलते खरं. माझे सगळे डिझाइन त्याच कंप्यूटरमधी. स्वतः काढलेले, कोणाचे ढापलेले नाहीत. हात मागं घेतला.

१० फेब्रुवारी
परागले फोन लावला. तुले कोणी दिली? "ग्रुप में आई थी दीदी, अपने मशीनवालों के." म्हणजे ह्याले बी माहीत नाही! वरून म्हणते, "अँटीव्हायरस बंद करके चलाना, नहीं तो रोकेगा."

आमच्या धंद्यात सगळे तसंच करतात. सॉफ्टवेअर टाकणारा येते, पहिले चौकीदाराले झोपवते, मग सामान आत नेते. डिझाइनचं सॉफ्टवेअर टाकलं तेव्हापासून माझ्याकडचा झोपलाच आहे. मले त्यात कधी काही वाकडं दिसलं नाही. चेतनानं कपाळावर हात मारला.

११ फेब्रुवारी
काम बंद. नुसता वैताग!

१२ फेब्रुवारी
चेतनानं फाइल न उघडताच पाहिली. राइट क्लिक, प्रॉपर्टीज. बनवणाऱ्याची डिजिटल सही कुठंच नाही. मग एका साइटवर टाकली. तिथं पन्नासेक अँटीव्हायरस एकदमच तपासतात. तीन लाल, बाकी गप्प. मी म्हटलं, तीनच तर आहेत! "तीन लोग बोलें दूध में छिपकली है, तो पियोगी?"

काहून पिऊ? मीच मशीनच्या कंपनीले फोन केला. "मॅडम, अपडेट हमारी साइट से लो, उस पर हमारा साइन रहेगा." घेतली. सही होती, लाल एक बी नाही. परागची पुसून टाकली. आता सुई कशी सरसर चालून राहिली! संध्याकाळी मटण केलं. चेतना दोनदा रस्सा घेऊन जेवली. लई बरं वाटलं.

१३ फेब्रुवारी
चेतना म्हणे, लगे हाथ तुम्हारा डिज़ाइन वाला सॉफ्टवेअर भी देख लें? इतकी वर्षं मी त्याच्यावरच काढून राहिली. पाहून घे, म्हटलं.

अर्ध्याच्या वर लाल.

"मम्मी, मतलब डिज़ाइन तो तुम्हारे, पर सॉफ्टवेअर क्रैक किया हुआ, चोरी का!"