विनापरवाना रंगकामाच्या नोटिशीला लॉन्ड्रीवाल्याचे उत्तर

दिनांक : १४ मार्च

प्रति,
मा. कार्यकारी अभियंता,
पाणीपुरवठा विभाग

विषय : विनापरवाना रंगकामाची नोटीस मागे घेऊन गल्लीस पिण्याचे पाणी देणेबाबत.
संदर्भ : आपली ११ मार्चची नोटीस (दारावर चिकटवलेली, सोबत जोडायची तर दार काढून आणावे लागेल).

महोदय,

१. मी चौथ्या गल्लीत एकवीस वर्षे लॉन्ड्री चालवतो. नोटिशीत म्हटले आहे की, मी राहत्या वस्तीत चोरून कपडे रंगवतो व त्यामुळे नळाचे पाणी तांबूस दिसते. मला रंगवण्यातले काही कळत नाही. दुकानाची पाटीसुद्धा मेहुण्याने रंगवून दिली.

२. खरी हकिगत अशी. जानेवारीपासून पाणी असेच येते. फेब्रुवारीत आमच्या आमदारबाईंचा पांढरा कोट धुवायला आला, तो चहात बुडवल्यासारखा परत गेला. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः दुकानात हजर. मी हात जोडून भरपाईचे बोलू लागलो, तर म्हणाल्या, "कोटाचं राहू द्या हो, नळ कुठाय?"

३. बाई पूर्वी शाळेत गणित शिकवत. आता सरकारी खर्च तपासणाऱ्या समितीवर आहेत. त्यांनी कागद मागवले. पाणी गाळायच्या टाक्यांतली वाळू लागोपाठ तीन वर्षे बदलल्याची त्यात नोंद होती. मग मला सोबत घेऊन त्या शुद्धीकरण केंद्रावर गेल्या आणि शिडी चढल्या. टाकीत वाळू नव्हती. टोमॅटोची रोपे होती, फळाला आलेली. तिथला ऑपरेटर सरळ माणूस. म्हणाला, "बाई, रिकामीच पडली होती, म्हणून लावली. खतसुद्धा घालावं लागत नाही."

४. बाईंनी सभागृहात प्रश्न विचारला. आपल्या विभागाने लेखी उत्तर दिले की, पाणी निर्मळ असून रंग एका लॉन्ड्रीतून येतो. दुसऱ्याच दिवशी मला नोटीस! ती वाचून एक गिऱ्हाईक पडदे घेऊन आले व हिरवा रंग मागू लागले. नाही म्हटले तर रागावून गेले.

५. इथवर आम्हीही हसत होतो. परंतु माझी धाकटी भावजय पोट बिघडून सहा दिवस दवाखान्यात होती. शेजारचे सुतारकाका अजून तिथेच आहेत. काल भावजयीला घरी आणताना तिने रिक्षातच विचारले, "भाऊजी, घरी गेल्यावर पाणी कुठलं प्यायचं?"

६. नोटीस मिळाली त्या दिवशी मी फार चिडलो होतो. आता विनंती एवढीच की, माझे प्रकरण सावकाश बघावे. हवे तर दुकान महिनाभर बंद ठेवतो. परंतु उद्या सकाळी गल्लीत टँकर पाठवावा.

आपला तहानलेला,
(सही)
लॉन्ड्रीवाला, चौथी गल्ली

सोबत :
१. दवाखान्याचा कागद.
२. नळाच्या पाण्याची बाटली (बूच काढण्यापूर्वी खिडकी उघडावी).